कारखाना आणि गावकूस



कारखाना आणि त्याच्या भोवतालची जनता यांचे नाते कसे असते, या विषयावर मी बोलावे असे आपल्या मंडळाने मला कळविले. विषय सुचविणाऱ्या तरुणांच्या डोळ्यांपुढे चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्घुस, गडचांदूर येथील सिमेंटचे कारखाने असावेत, असे त्यांच्या पत्रावरून दिसते. सातारा व सांगली या जिल्ह्यांत तसले कारखाने उभे राहिले नाहीत. सिमेंटला चुनखडक लागतो, आणि आपल्याकडची भूमी काळ्या कातळाची आहे. तथापि कारखाना आणि गाव यांचे नाते तपासण्यासाठी आपल्याला वऱ्हाड ओलांडून जाण्याचे कारण नाही. पुण्याहून मिरजेकडे येणाऱ्या लोहमार्गावर सातारारोड आहे, ओगलेवाडी आहे, किर्लोस्करवाडी आहे. शंभर वर्षांचा दाखला आपल्या दाराशीच पडलेला आहे. मी मुख्यतः किर्लोस्करवाडीविषयी बोलणार आहे.

परंतु प्रारंभीच एका शब्दाचा निकाल लावला पाहिजे. कारखानदार, सरकार आणि वर्तमानपत्रे ‘स्थानिक जनता’ असा शब्द वापरतात. कारखान्यासाठी ‘गावाने’ जमीन दिली, ‘गावाला’ रोजगार मिळाला, ‘गावाशी’ सलोखा आहे, अशी ती भाषा असते. हे गाव म्हणजे कोण? ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बोलताना बाबासाहेबांनी खेड्याच्या या गोड कल्पनेचा जो समाचार घेतला तो आपणांस ठाऊक आहे. गावात कूस असते, आणि कुसाच्या आत एक वस्ती व बाहेर दुसरी वस्ती असते. कारखाना पाटलाशी बोलला, सरपंचाशी बोलला, म्हणजे तो गावाशी बोलला असे धरले जाते. बाहेरच्या वस्तीशी कोण बोलले, हे कोणी विचारीत नाही. म्हणून आज मी नाते तपासणार आहे ते कारखान्याचे आणि कुसाबाहेरच्या माणसाचे.

याच लोहमार्गावर मसूर नावाचे स्टेशन आहे. १९०१ साली सातारला शिकत असलेले बाल भीमराव, त्यांचे भाऊ आणि भाचे वडिलांना भेटण्यासाठी या स्टेशनावर उतरले. सुभेदार रामजी त्या वेळी खटाव तालुक्यात कॅशियर होते. दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून सरकारने तेथे तलाव खोदण्याचे काम काढले होते. मुलांचे कपडे नीटनेटके होते, खिशात पैसे होते. तरीही जात कळताच एकही गाडीवान त्यांना गाडीत घेईना. शेवटी दुप्पट भाडे कबूल केल्यावर एकजण तयार झाला, तोही अशा अटीवर की गाडी मुलांनी हाकावी आणि आपण बाजूने चालत येऊ. रात्रभर त्यांना पाणी मिळाले नाही. हा प्रसंग आपण अनेकदा ऐकला आहे. त्यातील एका गोष्टीकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. ज्या कामावर शेकडो माणसांना मजुरी वाटली जात होती, त्या कामावरच्या कॅशियरची ही मुले होती. पगार घरात येत होता, पण त्या पगाराने वाटेवरचे पाणी मिळाले नाही. नोकरी मिळाली की सारे मिळाले असे समजणाऱ्यांनी मसूरच्या त्या रात्रीचा हिशेब मनात ठेवावा.

त्यानंतर नऊ वर्षांनी, १९१० साली, मसूरपासून काही स्टेशने पुढे कुंडल गावाजवळच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आपला कारखाना आणला. तो आधी बेळगावात होता. तेथील जागा नगरपालिकेमुळे सोडावी लागली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील ३२ एकर जमीन दिली आणि कर्जही दिले. जमीन ओसाड, निवडुंगाची आणि सापांची. त्या माळावर लोखंडी नांगर तयार होऊ लागले, कडबा कापण्याची यंत्रे होऊ लागली, पुढे पंप होऊ लागले. कुंडलरोड स्टेशनाचे नाव किर्लोस्करवाडी झाले. माणसांसाठी घरे, पाणी, शाळा यांची व्यवस्था करून कारखान्याभोवती वसाहत वसली. देशात जमशेदपूर नुकतेच वसू लागले होते, त्या काळातली ही गोष्ट आहे.

लोखंडाने जमीन विषारी होते, अशी त्या काळी शेतकऱ्यांची समजूत होती. बेळगावात लक्ष्मणरावांचा पहिला नांगर खपावयास दोन वर्षे लागली. आज आपण या समजुतीला हसतो. पण तिच्यामागे विचार करण्याजोगी एक गोष्ट होती. लाकडी नांगर गावचा सुतार करीत असे आणि त्याला त्याचे बलुते मिळत असे. लोखंडी नांगर विकत घ्यावयाचा, त्याचा फाळ झिजला तर तोही विकत आणावयाचा. म्हणजे नांगराबरोबर गावच्या शिवारात रोख पैशाचा व्यवहार शिरला, आणि बलुत्याचा एक टाका उसवला.

पंपाने तर त्याहून खोलवरचा टाका उसवला. त्याचा आपल्याशी थेट संबंध असल्याने मी तो जरा विस्ताराने सांगतो. पंप येण्यापूर्वी विहिरीचे पाणी मोटेने उपसले जाई. मोट कातड्याची. मेलेले जनावर ओढून नेण्याचे काम महाराचे, कातडे कमावण्याचे काम ढोराचे, मोट शिवण्याचे काम चांभाराचे, आणि ती ओढणारे दोर वळण्याचे काम मांगाचे. चार जातींचे कष्ट त्या एका मोटेत शिवलेले असत. तीच मोट विहिरीत बुडे, तिनेच पाटलाचा ऊस भिजे, तिनेच काढलेले पाणी बैलांना पाजले जाई. त्या कातड्याने विहीर विटाळत नसे. मात्र ते कातडे ज्याच्या हातून आले त्याने त्या विहिरीला हात लावला की विहीर विटाळे! हिंदू धर्मशास्त्राचा तर्क कोणाला समजून घ्यावयाचा असेल तर त्याने मोठमोठे ग्रंथ उघडण्यापूर्वी ही मोट पाहावी.

पुढे इंजिन आले, वीज आली, मोट अडगळीत गेली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास आपण धम्मदीक्षा घेतली आणि त्यानंतर गावोगावच्या बौद्धांनी मेलेली जनावरे ओढण्याचे व येसकरकीचे काम सोडले. १९५८ च्या कायद्याने महार वतन गेले. त्यासाठी बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात १९२८ सालीच विधेयक आणले होते. म्हणजे एकीकडून यंत्राने आणि दुसरीकडून आपण स्वतः त्या जुन्या गाठीवर घाव घातला. गाठ सुटली हे उत्तम झाले. त्याबद्दल हळहळणारे काही विद्वान आजही भेटतात, बलुतेदारीत म्हणे जिव्हाळा होता! भाकरीचे तुकडे मागत दारोदार फिरण्यात किती जिव्हाळा असतो हे ज्याने मागितले त्याला विचारावे. पण गाठ सुटल्यावर मोकळा झालेला माणूस कोठे जावयाचा? ज्याची मोट गेली त्याला पंपाच्या कारखान्यात जागा मिळावयास हवी होती. ती किती मिळाली आणि कोणत्या दाराने मिळाली, हा माझ्या आजच्या बोलण्याचा गाभा आहे.

किर्लोस्करवाडीला न्याय दिला पाहिजे. लक्ष्मणरावांनी आपल्या वसाहतीत अस्पृश्यता पाळण्यास मनाई केली होती. ज्या प्रांतात १९२७ साली महाडच्या तळ्याचे पाणी प्यावयास सत्याग्रह करावा लागला आणि डोकी फोडून घ्यावी लागली, त्या प्रांतात एक ब्राह्मण कारखानदार आपल्या हद्दीत अशी मनाई करतो, हे सामान्य नव्हे. तुरुंगवास भोगून आलेल्या माणसांना त्यांनी रात्रीच्या पहाऱ्यावर नेमले, हेही प्रसिद्ध आहे. ज्यांच्या नावावर दरोडे होते त्यांच्या हाती कारखान्याच्या किल्ल्या! इंग्रज सरकारने १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरविल्या होत्या आणि तो कायदा १९५२ पर्यंत जिवंत होता. अशा काळात हा विश्वास दाखविणे धैर्याचे होते.

तरीही दोन प्रश्न विचारावे लागतात. मालकाची मनाई मालकाच्या हद्दीपर्यंतच चालते. संध्याकाळी भोंगा झाला, पाळी सुटली, की कामगार आपापल्या गावी परततो आणि तेथे पुन्हा कूस असते. तेथली अस्पृश्यता बंद करण्याचा अधिकार कारखानदाराला नव्हता. तो १९५० च्या घटनेतील १७ व्या कलमाने सरकारच्या हाती आला. आणि मनाई ज्याच्या मनावर आहे त्याच्या पश्चात तिचे काय होते? भल्या मालकाचा मुलगा भलाच निघेल असा नियम निसर्गात नाही. हक्क कागदावर असला तर मालक बदलला तरी तो राहतो.

दुसरा प्रश्न पहाऱ्याचा. रामोशी, मांग, महार हे गावचे रखवालदार म्हणून शतकानुशतके राबत आलेच होते. कारखान्याच्या दारावर पुन्हा पहारा, हा विश्वास खरा. पण काम तेच जुने. पहारेकऱ्याचा मुलगा लेथवर उभा राहिला, नातू रेखाटन विभागात बसला, तर बदल झाला म्हणावयाचे. कोणत्याही कारखान्याचे मोजमाप मी या एका मापाने करतो : ज्या घरातील पहिला माणूस दारावर, झाडूवर किंवा बिगारीवर लागला, त्या घरातील तिसरी पिढी कोठे आहे?

आता १९४८ च्या आगीविषयी. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींचा खून झाला आणि मारेकरी ब्राह्मण निघाला. त्यानंतरच्या दिवसांत सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत ब्राह्मणांची घरे जाळण्यात आली. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यावरही जमाव चालून गेला आणि आग लावण्यात आली. जवळचे कुंडल म्हणजे प्रतिसरकारचे केंद्र. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली १९४३ पासून इंग्रजी सत्तेला आव्हान देणारी ही भूमी, आणि त्याच भूमीत पाच वर्षांनी हे घडले. याबद्दल आपल्या समाजात कधीकधी एक बेफिकिरीचा सूर ऐकू येतो, की ब्राह्मण आणि मराठे यांचे ते भांडण, आपल्याला काय त्याचे? मला हा सूर मान्य नाही. मालकाची जात पाहून यंत्र जाळणे आणि माणसाची जात पाहून त्याला पाणी नाकारणे, ही एकाच विचाराची दोन कामे आहेत. शिवाय ओतशाळा जळली तर मालक विम्याच्या आणि कर्जाच्या आधाराने उभा राहू शकतो. रोजावर आलेल्या साचेवाल्याची चूल त्याच दिवशी विझते. कारखाना पुन्हा उभा राहिला आणि आजही तेथे पंप तयार होतात. पण अडतीस वर्षे शेजारी नांदलेला कारखाना गावाला आपला का वाटला नाही, हा प्रश्न त्या राखेत राहून गेला. वसाहतीत वाचनालय आहे, मासिके निघतात, नाटके होतात, आणि बाहेरच्या गावात रॉकेलची चिमणी आहे, असे अंतर वाढले म्हणजे कारखाना शेजारी राहत नाही, तो बेट होतो. जाळणाऱ्यांचे हे समर्थन नव्हे.

चिमणीवरून ओगलेवाडी आठवली. कऱ्हाडच्या स्टेशनालगत १९१६ साली ओगले बंधूंचा काचकारखाना निघाला आणि त्याच्या ‘प्रभाकर’ कंदिलाने महाराष्ट्रातील किती घरांत उजेड पाडला याची गणती नाही. आपल्या आजोबांपैकी अनेकांनी त्या उजेडात बाराखडी गिरविली. तो कारखाना पुढे बंद पडला. सातारारोडला धनजीशा कूपर यांचा नांगर-इंजिनांचा कारखाना होता. हेच कूपर १९३७ साली काही महिने मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री होते. एकाच माणसाच्या हाती कारखानाही आणि सरकारही, हा प्रकार आपल्या जिल्ह्यांत नवा नाही हे यावरून दिसते.

तो जुना नाही हे सांगण्यास मी साखर कारखान्यांकडे वळतो. स्वातंत्र्यानंतर कृष्णाकाठी सहकारी साखर कारखाने निघाले. सांगलीत वसंतदादा पाटलांच्या पुढाकाराने, रेठरे बुद्रुकला कृष्णा कारखाना. येथे मालक शेठजी नाही, भटजी नाही, गावच मालक आहे, असे अभिमानाने सांगण्यात येते. या कारखान्यांनी दुष्काळी भागालगत बागायत फुलविली, शाळा-महाविद्यालये काढली, हे खरेच आहे. पण सभासद कोण? ज्याच्या शेतात ऊस आहे तो. ऊस कोणाच्या शेतात? ज्याला जमीन आणि पाणी आहे त्याच्या. वतन गेल्यावर सारा भरून जी तुकड्यांची जमीन परत मिळाली ती भावाभावांत वाटली गेली; तीवर कारखान्याचे सभासदत्व उभे राहत नाही. म्हणजे खासगी कारखान्याच्या दारात आपण कामगार म्हणून तरी उभे होतो. गावच्या मालकीच्या कारखान्यात मालकांच्या यादीत आपले नाव क्वचितच सापडते. ‘कारखाना गावाचा’ हे वाक्य ऐकले की मी पुन्हा विचारतो, गाव म्हणजे कोण?

कारखान्याच्या आतही कूस असते. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत. तुटलेला धागा जोडताना तो तोंडाने ओला करावा लागे, आणि महाराच्या तोंडचा धागा इतर कामगारांना चालत नसे. पगार जास्त त्या खात्यात, आणि दार बंद त्याच खात्याचे. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला तेव्हा त्यांनी तो मोठ्या नाखुशीने ऐकला. कामगार सारे एक, ही घोषणा देणाऱ्यांनाही धाग्याचा विटाळ सुटत नव्हता. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी दाखवून दिले की आपला माणूस रुळांवरचा गँगमन होतो आणि जन्मभर गँगमनच राहतो. स्टेशनात हमाल म्हणूनही त्याला घेत नाहीत, कारण हमालाला स्टेशनमास्तरच्या घरचे कामही करावे लागते. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे त्यांनी तेथेच सांगितले.

या निदानावर त्यांनी जो उपाय शोधला त्याकडे आपले पुरेसे लक्ष गेलेले नाही. १९४२ साली ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे जे निवेदन सादर केले त्यात सरकारी नोकऱ्यांच्या बरोबरीने तांत्रिक शिक्षणाची मागणी होती. सरकारी छापखाने आणि रेल्वेचे कारखाने येथे आपल्या मुलांना उमेदवार म्हणून घ्यावे, असे त्यांनी मागितले. कारकुनाची खुर्ची त्यांना पुरेशी वाटली नाही. यंत्र ज्याच्या हाती त्याच्या हाती उद्याचा देश, हे त्यांनी ओळखले होते. १९४६ साली कारखान्यातील कामाचा आठवडा ४८ तासांचा करणारी दुरुस्ती झाली तीही त्यांच्याच मजूर खात्याच्या काळात.

त्या मागणीचे बीज पुढे कायद्यात उगवलेले दिसते. १९६१ चा उमेदवारी कायदा, ज्याला आपण अप्रेंटिस ॲक्ट म्हणतो, त्यात १९७३ साली ३-अ हे कलम घालण्यात आले. त्यानुसार ठरवून दिलेल्या व्यवसायांत अनुसूचित जाती व जमातींसाठी उमेदवारीच्या जागा राखून ठेवणे मालकावर बंधनकारक आहे. मालकावर, हे लक्षात घ्या; सरकारवर नव्हे. खासगी कारखान्यात आरक्षण नाही, असे आपण सगळेच म्हणतो आणि नोकरीपुरते ते खरे आहे. शिकाऊ उमेदवारीच्या बाबतीत मात्र कायदा खासगी कारखान्याच्या दारातून आत गेलेला आहे. २०१९ च्या नियमांप्रमाणे ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने उमेदवार घेतलेच पाहिजेत, एकूण संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के, आणि त्या संख्येत कंत्राटदाराची माणसेही धरावी लागतात. पलूसच्या, कुपवाडच्या, साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतींत फिरून पाहा. काम कायम स्वरूपाचे, माणूस कंत्राटी, आणि आपला मुलगा बहुधा कंत्राटदाराच्या हजेरीवर. त्याला मुकादम ओळखतो, कारखाना ओळखत नाही. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, वेल्डर यांपैकी एका व्यवसायाचे प्रमाणपत्र हातात असलेल्या मुलाला कारखान्याने नावाने ओळखावे लागते.

यात धर्मांतराचा प्रश्न कसा येतो तेही सांगतो, कारण आपल्यापैकी काहींच्या घरी दीक्षा आजोबांच्या काळात आली, तर काहींच्या घरी ती अलीकडेच झाली आहे. बौद्ध झालो की सवलती गेल्या, असे सांगून नवदीक्षितांना भिवविणारे लोक अजूनही आहेत. १९५६ नंतर केंद्राच्या सवलती आपल्याला नाकारल्या गेल्या, हे खरे होते. महाराष्ट्र राज्याने साठ सालापासून बौद्धांना सवलती दिल्या, पण केंद्राची यादी बदलावयास १९९० साल उजाडावे लागले. ती चौतीस वर्षे गेली. आज मूळची अनुसूचित जात असलेला बौद्ध हा कायद्याने अनुसूचित जातीतच मोडतो, आणि उमेदवारीच्या राखीव जागेवरही त्याचा तितकाच अधिकार आहे. मात्र शाळेच्या दाखल्यात एके ठिकाणी एक, दुसऱ्या ठिकाणी दुसरे असे लिहिले गेले की कचेरीत फेऱ्या सुरू होतात आणि तोवर प्रवेशाची मुदत निघून जाते. जातीच्या प्रमाणपत्राचे काम मुलगा नववीत असतानाच करावे.

भगिनींना एक वेगळी विनंती आहे. ओतशाळा आणि लेथ म्हणजे पुरुषांचे काम, हा समज आता कारखान्यांनीच सोडला आहे; तो आपल्या घरातून अजून गेलेला नाही. मुलीला कला शाखेला घालावयाचे आणि मुलाला आयटीआयला, हा रिवाज बदलण्यास कोणाची परवानगी लागत नाही.

आपल्या मंडळाने पुढील बैठकीत एवढेच काम हाती घ्यावे असे मी सुचवितो. आपापल्या गावाजवळ ३० माणसांवरचे कारखाने कोणते, त्यांत किती उमेदवार घेतले जातात, आणि त्यांपैकी राखीव जागा किती भरल्या, हे लेखी विचारावे. पत्रावर मंडळाचा शिक्का असावा, एक प्रत जिल्ह्याच्या शिकाऊ उमेदवारी कार्यालयाला जावी आणि पोच जपून ठेवावी. उत्तर आले नाही तर दुसरे पत्र. दहावीचा निकाल लागला की आयटीआयचे प्रवेश सुरू होतात. त्याआधी ही माहिती आपल्या हाती आली तर या वर्षीच्या मुलांना तिचा उपयोग होईल.

जयभीम.